कोकम सरबताच्या बाटल्या फुगतायत, तपासणी कुठली आणि कुठे करून घ्यावी?

जांबोटीची वहिनी
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढे राहते. चार वर्षं झाली, घरच्या कोकमाचं सरबत करून बेळगावात शहापूर आणि टिळकवाडीतल्या दुकानांना देते. फूड रजिस्ट्रेशन काढलेलं आहे. एप्रिलअखेर भरलेल्या साठ बाटल्यांपैकी अकरा परत आल्या. झाकण फिरवलं की फस्स आवाज, वर बारीक फेस, वास ताडीसारखा. कोकमाच्या वाट्या आणि साखर थर देऊन बरणीत आठ दिवस उन्हात ठेवते, गाळून जिरं-मीठ घालते आणि भरते. दरवर्षी असंच करते.

दुसरी गोष्ट जास्त लागून राहिलीय. मेअखेर आमच्या वाडीत सात जणांना कावीळ झाली. ही बातमी दुकानदारांपर्यंत गेली, आणि एकानं सांगितलं, "व्हायरस नाही असा रिपोर्ट आणा, मगच माल ठेवतो." माझ्या हातच्या सरबतानं कुणाला काही झालं असेल, या विचारानं रात्री झोप लागत नाही. कुठली तपासणी करू? कुठे देऊ? व्हायरसची तपासणी सरबतात होते का?

निपाणीचा बाळू
वैनी, विचारूलालीस ते लई बरं केलीस. पयलं काम, त्या घाण्यातल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या दुकानातनं माघारी घे. न फुगलेल्या पण. मग बाकीचं.

पाळीवाला केमिस्ट
बाळूशी सहमत. मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 22 वर्षं आहे, त्यामुळे गोड रस कसा नासतो ते रोज बघतो.

वहिनी, गॅस आणि ताडीचा वास म्हणजे यीस्ट, साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी. नाकानं बरंच कळतं. ऊस तुटून दोन-तीन दिवस यार्डात पडला की ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात, रस बुळबुळीत होतो, दोन बोटांत धरला तर तार सुटते. तसा चिकटपणा तुमच्याकडे नाही. व्हिनेगरचा वास असता तर हवा शिरून आंबलं म्हटलं असतं. बाटली फुगलेली नाही, रंग चांगला, पण औषधासारखा वास येतोय, असं असतं तर अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस या जिवाणूचा संशय घेतला असता. त्याचे बीजाणू पाश्चरायझेशनमधूनही जगतात आणि आंबट रसात वाढतात.

साखर 65 ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, ते माप) वर असली की बहुतेक यीस्टना वाढायला पाणीच मिळत नाही. झायगोसॅकरोमायसीससारख्या काही चिवट जाती तिथेही तग धरतात, त्यातली एक तर बेन्झोएट या टिकवायच्या रसायनालाही दाद देत नाही. म्हणून आधी ब्रिक्स मोजा. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, पण 0 ते 32 चा घेऊ नका, तो आमच्या उसाच्या रसाला. सरबताला 58 ते 90 चा लागतो.

आता दोन प्रश्न. जिरं कशात वाटता? आणि बाटल्या भरताना पूर्ण कोरड्या असतात का?

जांबोटीची वहिनी
जिरं रात्री भिजवते आणि त्याच पाण्यात मिक्सरला लावते. पाणी आमच्या विहिरीचं, न उकळलेलं. यंदा जिरं जास्त घातलं, एका दुकानानं मागितलं म्हणून. बाटल्या धुऊन रात्रभर पालथ्या घालते, सकाळी कधीकधी आत थेंब दिसतात.

पाळीवाला केमिस्ट
मग तिथेच घोटाळा आहे. साखरेचा पाक जड, पाणी हलकं. भिजलेल्या जिऱ्याचं पाणी नीट मिसळलं नाही तर बाटलीच्या गळ्याशी पातळ थर राहतो. बाटली हलवून मोजलं तर ब्रिक्स बरोबर येईल, पण वरच्या बोटभर थरात ते कितीतरी कमी असतं. यीस्ट तिथेच सुरू होतं. झाकणाखाली वाफ धरून थेंब खाली पडतात तेव्हाही हेच होतं. पुढच्या वेळी जिरं कोरडं भाजून कुटा, गरम पाकात घाला, उकळीजवळ नेऊन गरमच भरा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटं आडवी ठेवा म्हणजे झाकणालाही चटका बसेल. बाटल्या ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात खडखडीत वाळवा. काचेच्या असतील तर भरताना त्याही गरम हव्यात, नाहीतर तडकतील.

आणि प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या विकू नका. एकीच्या तोंडाला झाकणाऐवजी फुगा बांधून स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात पंधरा दिवस ठेवा. फुगा उभा राहिला तर माल बाहेर काढायचा नाही. ही प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण दुकानदाराच्या आधी तुम्हाला कळेल.

धारवाड_मायक्रो
मी अन्न प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. ताई, तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरं एका बाटलीत मिळणार नाहीत.

नासण्यासाठी "यीस्ट अँड मोल्ड काउंट" मागा. नमुना प्लेटवर घालून 25 अंशांना पाच दिवस ठेवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात, त्यामुळे उद्या रिपोर्ट द्या म्हणू नका. सोबत टोटल प्लेट काउंट (एकूण जिवाणू), कोलिफॉर्म आणि ई. कोलाय (मैला शिरल्याची खूण देणारे जिवाणू) आणि आजार करणारा साल्मोनेला. साल्मोनेला 25 ग्रॅम नमुन्यात अजिबात नसावा लागतो, त्यालाही चार-पाच दिवस जातात. पीएचही (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) मोजून घ्या. कोकम आंबट असल्यामुळे ते 4.6 च्या बरंच खाली येईल, आणि तिथे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढत नाही. ती एक काळजी मिटेल.

एकाच घाण्यातल्या न फुगलेल्या पाच सीलबंद बाटल्या द्या, फुगलेल्या वेगळ्या पिशवीत. नमुना म्हणून दुसऱ्या बाटलीत ओतून आणलेलं सरबत आम्हाला फार काही सांगत नाही, कारण ओतताना काय शिरलं ते आम्हाला कळत नाही.

कुठे द्यायचं: बेळगावात शासनाची विभागीय अन्न प्रयोगशाळा आहे. खासगीत जायचं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी बघा, आणि फोनवर एवढंच विचारा की एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) स्कोपमध्ये, म्हणजे मान्य तपासण्यांत, तुमच्याकडे मायक्रोबायोलॉजी आहे का. काही ठिकाणी फक्त रासायनिक तपासणीची मान्यता असते. दर प्रत्येक तपासणीला वेगळा असतो, आधी लेखी घ्या. प्रक्रियेबद्दल सल्ला किंवा प्रशिक्षण हवं असेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 पासून हेच काम करते.

आता व्हायरस. जिवाणू आणि यीस्ट अन्नात वाढतात, म्हणून प्लेटवर उगवून दिसतात. व्हायरस अन्नात वाढतच नाही. तो नुसता बसून राहतो, जिवंत पेशी मिळाली तरच वाढतो. म्हणून त्याला आरटी-पीसीआर लागतं: आधी नमुन्यातून मोजके कण गोळा करायचे, मग त्यांचा आरएनए, म्हणजे अनुवंशिक द्रव्य, शोधायचा. यासाठी आयएसओ 15216 ही पद्धत आहे, नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा) आणि हिपॅटायटिस ए (काविळीचा) साठी. पण ती मऊ फळं, पालेभाज्या, शिंपले, बाटलीबंद पाणी आणि अन्नाचे पृष्ठभाग यांच्यासाठी आहे. सरबत त्यात नाही. शिवाय पीसीआरला आरएनए दिसला तरी तो व्हायरस जिवंत होता की मेलेला, हे त्यावरून कळत नाही. साठ बाटल्यांतल्या एकीत नाही सापडला, म्हणून बाकीच्या एकोणसाठ स्वच्छ ठरत नाहीत. दुकानदाराला हे समजावून सांगा. तो मागतोय तो कागद कुणी दिलाच, तरी त्यावर विसंबू नका.

कोकम आंबट आहे म्हणून व्हायरस मरेल, असंही धरू नका. हिपॅटायटिस ए आम्लात टिकतो, थंडीतही टिकतो. 2013 मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या मिश्रणातून दीडशेहून जास्त लोकांना ही कावीळ झाली होती, मूळ निघालं तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांत. त्याला मारते ती उष्णता आणि पुरेसा क्लोरीन. म्हणून शोध घ्यायचा तो पाण्यात आणि हातांत.

आशाताई_खानापूर
वहिनी, मी तुमच्याच तालुक्यातली आशा कार्यकर्ती. कावीळ दिसते तेव्हा त्या पाण्याला महिना होऊन गेलेला असतो. हिपॅटायटिस ए 15 ते 50 दिवसांनी दिसतो, हिपॅटायटिस ई या दुसऱ्या काविळीला त्याहून थोडे जास्त. मेअखेरचे रुग्ण म्हणजे एप्रिलचं पाणी, विहिरी तळाला गेल्या होत्या तेव्हाचं. आणि तेव्हाच तुम्ही जिरं भिजवत होता.

कुठली कावीळ आहे ते आधी डॉक्टरांना रक्त तपासून ठरवू द्या. ई असेल तर गरोदर बायांच्या जिवाला धोका असतो. 1955-56 मध्ये दिल्लीत दूषित पाण्यानं मोठी साथ आली होती, ती ई ची होती हे कितीतरी वर्षांनी कळलं. तुमच्या वाडीत कुणी गरोदर असेल तर आजपासून उकळलेलंच पाणी, आणि मला कळवा.

पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) पाणी तपासायचं किट असतं. त्यातल्या एच-टू-एसच्या बाटलीत विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरा, उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत काळं झालं तर त्या पाण्यात मैला मिसळतोय असं समजायचं. ही बाटली व्हायरस दाखवत नाही, पण मैला आला तिथे व्हायरस यायला वाट आहे. बाटली काळी झाली नाही तरी लगेच निर्धास्त होऊ नका, पाऊस पडला की पुन्हा लावा.

आणि घरात कुणाला कावीळ असेल, किंवा नुकती होऊन गेली असेल, तर त्यांनी सरबताला हात लावायचा नाही. सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, या व्हायरसांवर तो कमी पडतो. साबण आणि वाहतं पाणी, नखांच्या आतसुद्धा.

जांबोटीची वहिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

दुकानांतून बेचाळीस बाटल्या परत आणल्या, बाकीच्या विकल्या गेल्या होत्या. ज्यांना विकल्या त्यांतल्या ओळखीच्यांना फोन केले, कुणी आजारी नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: साल्मोनेला नाही, ई. कोलाय नाही, यीस्ट भरपूर. पीएच 4.6 च्या खूप खाली. रिफ्रॅक्टोमीटर आणला. आमच्या केमिस्ट दादांनी सांगितलं तसं न हलवता वरचा थेंब ड्रॉपरनं काढून बघितला तर रेघ 58 च्या खालीच राहिली, दिसलीच नाही. तळाचा थेंब 67.

एच-टू-एसची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झालेली. मी ती हातात घेऊन विहिरीवर गेले आणि पाणी भरायला आलेल्या बायकांना दाखवली. तोंडानं सांगून कुणी ऐकलं नसतं. पंचायतीनं रक्ताचे नमुनेही पाठवायला लावलेत. सरबत यंदा बंद ठेवलंय.

विहीर तीन मीटर रुंद, पाणी चार मीटर आहे. ब्लीचिंग किती घालू?

आशाताई_खानापूर
3.14 गुणिले 3 गुणिले 3, भागिले 4, गुणिले 4. म्हणजे 28.26 घनमीटर, साधारण 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर 70 ग्रॅम ताजी पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरानं विहिरीत खोल सोडून वरखाली हलवा. रात्री घाला, म्हणजे सकाळपर्यंत कुणी भरणार नाही. सकाळी किटनं क्लोरीन मोजा. एरवी 0.2 चालतो, पण व्हायरसची भीती असताना आपल्या पाण्याच्या मानकात लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम सांगितलाय. तेवढा आला नाही तर संध्याकाळी पुन्हा घालायची. मी गुरुवारी किट घेऊन येते, मी येईपर्यंत सगळ्यांना पाणी उकळूनच प्यायला सांगा.