फितूर, गद्दार की नुसताच ‘जाऊन मिळाला’?

रामबागकर (इंदूर)
आम्ही दोघंतिघं मिळून मराठीत एक मोठी अद्भुतकथा लिहितोय. दोन गढ्या, दोन सरदार आणि एकाच गादीवर दोघांचा दावा. थोरल्या सरदाराचा सेनानी तिसऱ्या भागात धाकट्याकडे जातो. कारण एवढंच, की थोरल्यानं शरण आलेल्यांना अभय दिलं आणि रात्रीतून त्यांना कापून काढलं. मी लिहिलं, ‘सेनानी फितूर झाला.’ पुतणीला वाचून दाखवलं तर म्हणते, “काका, त्याच्या डोक्यात कसलं फितूर शिरलं?” तिची शाळा हिंदी. तिचं राहू द्या, शब्द मलाही खटकतोय. मग काय लिहू? गद्दार? बेइमान? स्वामिद्रोही?

क्षिप्राकाठ
पुतणीचं काही चुकलं नाही. मुळात अरबी ‘फुतूर’, म्हणजे ढिलाई, बिघाड. हिंदीनं तो बिघाड डोक्यात नेला, मराठीनं फौजेत. इंदुरात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात, त्यामुळे हा गोंधळ होणारच.

पण तुमचा शब्द अडतोय तो दुसरीकडे. मराठीत ‘फितवणे’ असं क्रियापद आहे. फितूर झालेल्यामागे सहसा फितवणारा असतो, आणि तो समोरच्या तंबूत बसलेला असतो. पैसा, जहागीर, जुना डूख, काहीतरी गळाला लावलेलं असतं. पेपरात ‘साक्षीदार फितूर’ असा मथळा आला की आपण लगेच विचारतो, कुणी फितवला? हिंदी पेपरात त्याच साक्षीदाराला ‘पक्षद्रोही’ म्हणतात. त्यात फितवणारा दिसत नाही.

आपल्या होळकरशाहीतलंच बघा. 21 डिसेंबर 1817, महिदपूरची लढाई. समोर इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम, इकडे वयानं पोरगा असलेला तिसरा मल्हारराव. होळकरांचाच सरदार गफूरखान ऐन लढाईत पाठ फिरवून गेला असं आमच्याकडे सांगत आले आहेत. खरंखोटं इतिहासवाल्यांनी बघावं. पण 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला आणि त्यात गफूरखानाच्या नावे जावऱ्याच्या जहागिरीची सोय झाली. लोकांनी ही दोन टोकं जोडली आणि ‘फितूर’ शब्द त्याला कायमचा चिकटला. तुमच्या सेनानीला जावरा मिळतो का? नसेल तर फितूर नको.

रामबागकर
काहीच मिळत नाही. उलट धाकटा त्याला तीन दिवस वेशीबाहेर ताटकळत ठेवतो.

लष्कर, ग्वाल्हेर
मग ‘गद्दार’सुद्धा निवेदकाच्या तोंडी घालू नका. हल्ली भाषणांतून तो इतका वापरला गेलाय की वाचकाला गढीऐवजी सभेचा मांडव दिसेल. मागे राहिलेल्या शिपायांना चुलीपाशी बसून म्हणू दे, तिथं शोभेल. ‘दगा’ त्याहून सैल, कारण दगा प्रकृतीही देते. ‘बंड’ होतं उघड, आणि बंडखोर बहुधा स्वतःचं निशाण उभारतो, दुसऱ्याच्या निशाणाखाली जात नाही.

‘नमकहराम’चा विचार मात्र करा. आपण खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतो, पण मीठ कुणाचं आणि ते कळून खाल्लं का, हा प्रश्न जुनाच आहे. उद्योगपर्वातला शल्य घ्या. निघाला भाच्यांच्या मदतीला. वाटेत जागोजाग मांडव, खाणंपिणं, बडदास्त. त्याला वाटलं ही युधिष्ठिराची व्यवस्था. खूश होऊन वर देऊन बसला आणि पुढे आला दुर्योधन! शब्द पाळायचा म्हणून कौरवांकडून लढला. पण युधिष्ठिराला भेटून कर्णाचा तेजोवध करायचं कबूलही करून आला, आणि रथावर बसून केलाही. याला काय म्हणाल? मीठ फसवून खाऊ घातलेलं, वचन खरं पाळलेलं आणि सारथ्य असं की शत्रू बरा. माझ्या मते कर्णाशी त्यानं केला तो विश्वासघातच, पण नमकहराम म्हणायला जीभ वळत नाही. अद्भुतकथेत असा एक शल्य हवाच. तुमचा सेनानी त्याच्यापुढे फार सरळ आहे.

क्षिप्राकाठ
सरळ माणसासाठी युयुत्सू आहे ना. युद्धाला तोंड लागण्याआधी युधिष्ठिरानं उघड विचारलं, आमच्याकडे कुणी येतंय का? धृतराष्ट्राचाच हा मुलगा सगळ्यांदेखत पलीकडे गेला. गेला तेव्हा कौरव काय ते म्हणाले असतील, पण त्याला फितूर म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. विभीषणाच्या नावानं मात्र ‘घरका भेदी’ आपण हिंदीतून उचलून रोज म्हणतो.

सयाजीबाग, बडोदा
तुम्ही सगळे नामं शोधताय. मराठी इथं क्रियापदांवर चालते. आमदार फुटतात, माणसं फोडतात, सरदार ‘जाऊन मिळतात’. ‘अमका तमक्यास जाऊन मिळाला’ हे जुन्या लिखाणातलं वाक्य बघा, त्यात ना शिवी ना शाबासकी. जो निवेदक दोन्ही गढ्यांत फिरतो त्याला हेच बरं. थोरल्याच्या गढीत ‘फुटला’ म्हणा, धाकट्याच्या गढीत ‘आपल्यात आला’ म्हणा. ‘स्वामिद्रोही’ राजपुरोहिताला द्या, त्याला असले शब्द लागतातच.

आणि जाण्याआधी तो काय परत करतो ते लिहा. बेलभंडारा उचलून शपथ घेतली असेल तर ती मोडताना माणूस गुपचूप जात नाही. तलवार, वस्त्रं, सनद धन्यापुढे ठेवून जातो. तेवढं दाखवलंत तर वाचक स्वतःच शब्द ठरवेल.

रामबागकर
हे पटलं. आता असं केलंय: ‘सनद उंबऱ्यावर ठेवून सेनानी धाकट्यास जाऊन मिळाला.’ फितूर शब्द राखून ठेवलाय, कारण पाचव्या भागात थोरल्याची किल्लेदारीण खरोखरच सोन्यासाठी दरवाजा उघडते. तिला काय, फितूरच ना? की वेगळं रूप आहे?

क्षिप्राकाठ
वेगळं रूप नाही. तो फितूर झाला, ती फितूर झाली, ते फितूर झाले. ‘फितुरी’ हे नाम तेवढं स्त्रीलिंगी: ‘तिची फितुरी उघडी पडली.’ आणि जुना बाज हवा असेल तर फितूर हेच नाम करा, पुल्लिंगी: ‘किल्ल्यात फितूर झाला.’ फक्त ते पान पुतणीला वाचायला देताना आधी सांगून ठेवा.