सल्ला हवा: टॉमईवरून पुढे जायचंय, जावाएक्सचं जकार्ता करायला सुरुवात कुठून करू?

पंचगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळणार. आम्ही तिघंजण मिळून एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मुख्य ॲप टॉमई ८ वर (टॉमकॅटवर बांधलेला जावाचा ॲप सर्व्हर), जावा ८, हायबरनेट ५ (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), पोस्टग्रेस डेटाबेस, जेएसपी (वेब पानं बनवणाऱ्या फाइली) भरपूर, सीडीआय (क्लास एकमेकांना आपोआप जोडून देणारी यंत्रणा) आहे, रात्रीचं डे-एंड म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं ईजेबी (सर्व्हरवर चालणारे जावाचे घटक) टायमरवर चालतं. शिवाय पिग्मीची वेगळी छोटी वॉर (पॅक केलेलं वेब ॲप) आहे ती साध्या टॉमकॅट ९ वर. एजंट दिवसभर दुकानादुकानांत फिरून पैसे घेतात, संध्याकाळी शाखेत येऊन मशीन जोडतात आणि दिवसाची फाइल या वॉरवर अपलोड होते.

तर टेस्टचा सर्व्हर उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेला. तिथे एप्टमध्ये (उबुंटूच्या पॅकेजांत) टॉमकॅट ९ सर्व्हर म्हणून मिळतच नाही, १० मिळतो. म्हटलं चला, एक आकडाच तर वाढलाय, पिग्मीची वॉर तशीच उचलून टाकली. लॉगमध्ये एक एरर नाही, डिप्लॉय व्यवस्थित, लॉगिनचं पान उघडलं आणि मशीनची फाइल पाठवली तर ४०४, म्हणजे असा पत्ताच नाही. पाथ तपासला, एनजिनएक्स तपासला, फायरवॉल बघितली, वॉर पुन्हा बिल्ड केली, दुपार गेली पण कारण सापडेना. शेवटी रिलीज नोट्स वाचताना कळलं की टॉमकॅट १० पासून सर्व्हलेट वगैरे जावा पॅकेजांच्या नावातलं जावाएक्स जाऊन जकार्ता आलंय.

आता मुख्य ॲपची भीती वाटतेय. प्रश्न असे की एरर का आला नाही, सगळ्या सोर्समध्ये फाइंड-रिप्लेस मारलं तर चालेल का, टॉमई ९ घ्यावा की १०, की या निमित्ताने वाइल्डफ्लाय या दुसऱ्याच सर्व्हरवर जावं? पैसे लोकांचे आहेत, त्यामुळे घाई नाही पण चूक पण नको.

सर्व्हलेटवाला:

ताई, ४०४ चं आधी सांगतो. तुमचा सर्व्हलेट (वेब विनंती हाताळणारा क्लास) वेब एक्सएमएलमध्ये, म्हणजे ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नसणार, क्लासवर वेबसर्व्हलेट ॲनोटेशन लावून सोडलेला असणार, बरोबर? टॉमकॅट १० वॉर उघडून जकार्ता.सर्व्हलेट.ॲनोटेशन शोधतो. तुमच्या क्लासवर जावाएक्सचं ॲनोटेशन आहे, ते त्याच्या ओळखीचंच नाही, म्हणून तो क्लास बाजूला टाकून पुढे जातो. त्याच्या दृष्टीने तुमच्या वॉरमध्ये सर्व्हलेटच नाही, मग तक्रार कशाची करणार. जेएसपी मात्र तो स्वतः नव्याने कंपाइल करतो म्हणून लॉगिनचं पान दिसलं. तेच सर्व्हलेट वेब एक्सएमएलमध्ये लिहिलेले असते तर क्लास सापडत नाही म्हणून बोंब तरी मारली असती.

पिग्मीच्या वॉरसाठी तात्पुरता उपाय सोपा आहे. टॉमकॅटवाल्यांचं स्वतःचं मायग्रेशन टूल आहे, एक जार, तिला जुनी वॉर द्या, नवी वॉर देते. किंवा टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर करून वॉर त्यात टाका, सर्व्हर स्वतःच बदलून वेबॲप्समध्ये ठेवतो. एक लक्षात ठेवा, टूलचं डीफॉल्ट प्रोफाइल टॉमकॅटपुरतंच आहे, जॅक्स-बी (एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) वगैरे वापरत असाल तर ईई प्रोफाइल द्यावं लागतं.

पंचगंगाकाठ:

हो दादा, ॲनोटेशनच आहे! अख्खी दुपार गेली होती हो त्यात. टूल लावून बघते.

गोदातीर:

फाइंड-रिप्लेस बद्दल मी बोलतो कारण त्यात माझे हात पोळलेत. जावाएक्सने सुरू होणारं सगळंच जकार्ता झालेलं नाही. जे जेडीकेचं (मूळ जावा किटचं) आहे ते होतं तिथेच आहे, म्हणजे जावाएक्स.एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो, स्विंग, मॅनेजमेंट. जे जावा ईईचं (जावाच्या सर्व्हरसाठीच्या भागाचं) होतं तेवढंच हललंय: सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, ईजेबी, इंजेक्ट, जेएमएस, मेल, व्हॅलिडेशन. आणि मधली काही पॅकेजं अर्धी इकडे अर्धी तिकडे, ती खरी त्रास देतात. जावाएक्स.ट्रान्झॅक्शन हललं पण त्याखालचं एक्सए जेडीकेत राहिलं. एक्सएमएल.बाइंड (म्हणजेच जॅक्स-बी) हललं, एक्सएमएल.पार्सर्स राहिलं. ॲनोटेशनमधलं पोस्टकन्स्ट्रक्ट हललं, पण ॲनोटेशन.प्रोसेसिंग राहिलं, आणि नलेबल-नॉननल ही जी फाइंडबग्जच्या जारमधून येतात ती पण जुन्याच नावाने.

इम्पोर्टमधली चूक कंपायलर पकडतो, त्याची चिंता नाही. मी रिप्लेस मारलं ते प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींवर, त्यात सर्व्हर सुरू करायची शेल स्क्रिप्टही आली. तिथे जावाएक्स.नेट.एसएसएल.ट्रस्टस्टोर अशी, कुठल्या सर्टिफिकेटांवर विश्वास ठेवायचा ते सांगणारी प्रॉपर्टी होती, तिचं जकार्ता.नेट.एसएसएल.ट्रस्टस्टोर झालं. अशी प्रॉपर्टी जगात नाही, पण जावा अनोळखी प्रॉपर्टीला काही म्हणत नाही, गप्प बसतो आणि स्वतःची डीफॉल्ट सर्टिफिकेटं घेतो. आमचं पेमेंटचं कनेक्शन खासगी सर्टिफिकेटवर होतं. सोमवारी सकाळी पहिल्याच व्यवहाराला पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, म्हणजे सर्टिफिकेटवर विश्वास नाही, आणि आम्ही समोरच्या पार्टीला फोन करतोय की तुमचं सर्टिफिकेट बदललंय का. अडीच तास. त्या दिवसापासून मी रिप्लेस फक्त सोर्सवर आणि तेही पॅकेजांची यादी देऊनच करतो.

त्यापेक्षा ओपनरीराइट हे सोर्स आपोआप बदलणारं टूल वापरा. त्यात जावाएक्स ते जकार्ता अशी तयार रेसिपी आहे, मेव्हन या बिल्डच्या टूलच्या प्लगइनने चालते, इम्पोर्ट बदलते, पॉम (मेव्हनची लायब्ररी वगैरेंची फाइल) बदलते, आणि कुठलं पॅकेज हलवायचं कुठलं नाही हे तिला माहीत आहे. चालवल्यावर डिफ (काय काय बदललं ते) मात्र डोळ्याखालून घाला, ओळ न ओळ.

कोकणी_कॉफी:

नाव का बदललं हे पण सांगा कोणीतरी, मला अजून नीट कळलेलं नाही. एवढा खटाटोप नुसत्या नावासाठी?

सर्व्हलेटवाला:

थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. जावा हा ट्रेडमार्क ओरॅकलचाच राहिला, म्हणून २०१८ मध्ये जकार्ता ईई हे नवीन नाव आलं. जावाएक्स पॅकेजांचं काय करायचं यावर बोलणी चालली, ती मे २०१९ मध्ये फिसकटली. निकाल असा की जावाएक्स आहे तसं वापरा, पण त्यात एका मेथडचीही भर घालायची नाही. म्हणजे पुढे काही वाढवायचं तर नाव बदलणं भागच होतं. सप्टेंबर २०१९ चं जकार्ता ईई ८ जुन्याच पॅकेजांचं, डिसेंबर २०२० चं ९ म्हणजे मुख्यतः नावबदल, आणि खरी नवी सुधारणा २०२२ च्या १० मध्ये.

यातून एक सापळा तयार झालाय तो ताईंनी लिहूनच ठेवावा. जारचं नाव जकार्ता आहे म्हणून आतलं पॅकेज जकार्ता असेलच असं नाही. जकार्ता सर्व्हलेट एपीआय ४ च्या जारमध्ये जावाएक्स.सर्व्हलेटच आहे, ५ पासून जकार्ता. एक्सएमएल बाइंडच्या २.३ मध्ये जावाएक्स, ३ पासून जकार्ता. नावाकडे बघू नका, व्हर्जनकडे बघा, आणि शंका आली की जार उघडून बघा.

देशावरचा:

टॉमई ९ की १० ला माझं सरळ उत्तर: १०. मी टॉमईचा प्रवास पहिल्यापासून बघतोय आणि मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. स्वतः सर्व्हरचं नाव बदलायचं म्हणजे काय हे आपण ॲपवाले विचारच करत नाही. टॉमई म्हणजे एकटा टॉमकॅट नव्हे, त्यात ओपनवेबबीन्स, ओपनजेपीए, मायफेसेस, सीएक्सएफ, ॲक्टिव्हएमक्यू असे सगळे भाऊ एकत्र राहतात आणि सगळ्यांनी नाव बदलेपर्यंत घर हलत नाही. म्हणून सुरुवातीचे ९ चे माइलस्टोन त्यांनी टॉमई ८ च तयार करून त्याचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) एक्लिप्स ट्रान्सफॉर्मरने बदलून काढले. लोकांना वापरायला लवकर मिळालं, पण सोर्स एक आणि चालतंय दुसरंच. एररचा माग काढत सोर्स उघडावा तर तिथे जावाएक्स आणि चालत्या सर्व्हरमध्ये जकार्ता. मग त्यांनी खुद्द सोर्सच बदलायला घेतला, मोठं काम होतं ते, आणि ९ ची पक्की आवृत्ती त्याच सोर्सवरून आली.

पण ९ च्या पोटात टॉमकॅट १०.० आहे आणि टॉमकॅट १०.० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२२ लाच संपला. १० मध्ये टॉमकॅट १०.१ आहे, जावा १७ लागतो. पतसंस्थेचं काम आहे, सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या पायावर घर बांधू नका.

वाइल्डफ्लाय वाईट नाही, २७ पासून तो पूर्ण जकार्तावर आहे. पण मग तुमचे डेटासोर्स, क्यू, टायमर, रिल्म सगळं त्याच्या पद्धतीने नव्याने लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवावी असं माझं मत. टॉमईवर तुमची रिसोर्सेसची एक्सएमएल बरीचशी तशीच चालेल.

आणि हेच मी पुढेही म्हणेन. जावा ८ ते १७, हायबरनेट ५ ते ६, सर्व्हर ८ ते १०, पॅकेजचं नाव, हे सगळं एका रिलीजमध्ये कोंबलंत तर काही बिघडल्यावर कुणाकडे बोट दाखवायचं तेच कळणार नाही. आधी टॉमई ८ च्या शेवटच्या आवृत्तीवर जावा १७ आणा, जावाएक्सच ठेवून. जावा ११ मधून जॅक्स-बी काढून टाकलंय तो झटका इथेच बसू दे. हे लाइव्हला महिनाभर चालू दे. त्याच काळात लायब्ररींची यादी करा, मेव्हन डिपेंडन्सी ट्री छापून प्रत्येक जारसमोर लिहा की हिची जकार्ता आवृत्ती आहे का. कॉमन्स-फाइलअपलोड १ असेल तर ती जावाएक्सवर अडकलेली आहे, पण अपलोड आता सर्व्हलेटच्या पार्टनेच होतं, ती काढूनच टाका. मग नाव बदला.

हायबरनेट ६ ला एक मोठी गोष्ट, हे माझ्या पोटात गोळा आणणारं आहे म्हणून ठळक सांगतो. ५ मध्ये जनरेटरचं नाव न देता आयडी बनवत असाल तर सगळ्यांना मिळून एक हायबरनेट_सिक्वेन्स (डेटाबेसमधला पुढचा नंबर देणारा काउंटर) असायचा. ६ मध्ये प्रत्येक एंटिटीचा (टेबलाशी जोडलेल्या क्लासचा) आपापला सिक्वेन्स शोधला जातो. स्कीमा अपडेट ऑटोवर ठेवलं असेल तर तो नवा सिक्वेन्स बनवून १ पासून मोजायला लागेल, आणि तुमच्या व्यवहाराच्या टेबलात १ नंबर केव्हाच वापरून झालाय. सिक्वेन्सच्या नावाची जुनी पद्धत चालू ठेवायची सेटिंग आहे ती लावा आणि किती किती आकड्यांची उडी मारतोय तेही तपासा.

नवी_सीडीआय:

एक छोटंसं माझंही. बीन्स एक्सएमएल (सीडीआयची सेटिंगची फाइल) रिकामी ठेवली असेल तर जकार्ता ईई १० मध्ये तिचा अर्थ बदललाय. आधी रिकामी म्हणजे सगळे क्लास बीन, आता फक्त ॲनोटेशन लावलेले. आमच्याकडे सुरू होतानाच अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सीची रांग लागली. डिस्कव्हरी मोड ऑल लिहिलं की गेलं.

गोदातीर:

ताई, शाखांमध्ये ब्राउझरच आहे की काही स्विंगचं (डेस्कटॉपवर बसवलेलं) क्लायंट पण आहे? असेल आणि ते रिमोट ईजेबीला बोलत असेल तर त्याच रात्री सगळे क्लायंट पण बदलावे लागतील. नवा सर्व्हर एक्सेप्शन टाकेल ते जकार्ताचं, जुन्या क्लायंटला तो क्लासच माहीत नाही.

पंचगंगाकाठ:

आहे हो, पासबुक छपाईचं. हे डोक्यातच नव्हतं, खूप खूप आभार.

पंचगंगाकाठ (पाच आठवड्यांनी):

वचन दिल्याप्रमाणे काय झालं ते सांगते. टॉमई १० वरच जातोय. जावा १७ आधी केलं, लाइव्हला आहे, जॅक्स-बी आणि एक जुनी रिपोर्टची जार सोडली तर त्रास नाही. नाव बदलायचं काम ओपनरीराइटने एका दुपारी झालं, डिफ वाचायला चार दिवस लागले. सिक्वेन्सचं देशावरचा दादांनी सांगितलं नसतं तर नक्की पडलो असतो, आमचं अगदी तसंच होतं.

इम्पोर्ट संपल्यावर मी नुसत्या स्ट्रिंग शोधायला बसले, अवतरणात जावाएक्स कुठे कुठे आहे ते. पर्सिस्टन्स एक्सएमएलमधल्या प्रॉपर्टी, क्वेरीला दिलेला टाइमआउटचा हिंट, आणि आमचं एररचं पान. ते पान रिक्वेस्टमधून जावाएक्स.सर्व्हलेट.एरर.स्टेटस_कोड वाचत होतं, आता तिथे नल येतो, म्हणजे एरर आला की एररच्या पानावरच नल पॉइंटर.

पण सगळ्यात वाईट जे सापडलं ते सोर्समध्ये नव्हतंच. रात्रीचं डे-एंड पडलं की आम्हाला एसएमएस येतो. मी टेस्टवर मुद्दाम एका शाखेचं बॅलन्स बिघडवून डे-एंड पाडलं आणि फोन घेऊन बसले. लॉगमध्ये एरर दिसतोय, एसएमएस नाही. अर्ध्या तासाने क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट उघडली, चार वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकाने लिहिलेली. ती लॉगमध्ये जावाएक्स.ईजेबी.ईजेबीएक्सेप्शन शोधत होती, अक्षरशः तेवढंच. नव्या लॉगमध्ये ते नाव कधीच येणार नाही. लाइव्हला गेलो असतो तर डे-एंड पडलेलं सकाळी काउंटर उघडल्यावर कळलं असतं.

स्क्रिप्ट आता दोन्ही नावं शोधते. पासबुकच्या क्लायंटचं नवं इन्स्टॉलर तयार आहे, दोन शाखांत लावून बघतोय, मग महिनाअखेर झाली की पुढच्या शनिवारी रात्री बदल.

देशावरचा:

ताई, ही स्क्रिप्टची गोष्ट वाचून आमच्या मॉनिटरिंगचे नियम उघडले. तीन ठिकाणी जावाएक्स आहे. आत्ताच बदलतोय.