दिवसाला दीड हजार पार्सलं आणि सॉर्टिंग मशीन: गरज की हौस?

पडघा_गोदाम: भिवंडी पट्ट्यात मशीनवाले आता लहान गाळ्यांपर्यंत पोचलेत. माझं मत सरळ आहे. दिवसाला 1500 पार्सलं काढणाऱ्यानं ऑटोमॅटिक सॉर्टर, म्हणजे बारकोड वाचून पार्सलं आपोआप वेगळी करणारं मशीन, घ्यायची गरज नाही. तासाला 3000ची क्षमता सांगतात, म्हणजे आख्ख्या दिवसाचा माल अर्ध्या तासात संपला. उरलेला दिवस ते धूड जागा अडवून बसणार आणि त्या जागेचं भाडं मी भरणार. आपल्याला वेगळं तरी काय करायचं असतं? पाच-सहा कुरिअर कंपन्यांचे ढीग. पिनकोडवार फोड त्यांच्या हबमध्ये, म्हणजे छाटणीच्या केंद्रात, होतेच. खऱ्या चुका पॅकिंग टेबलावर होतात, याचं लेबल त्याच्या पाकिटावर. ती चूक मशीनला कळत नाही. ते पार्सल इमानेइतबारे भलत्याच गिऱ्हाइकाकडे रवाना करतं.

कुर्ती_नाशिक: सरासरी काढून हिशेब मांडलात की सगळं सोपं दिसतं. माल दिवसभर सारखा निघतो का? दुपारपर्यंतच्या ऑर्डरी त्याच दिवशी द्यायच्या आणि पिकअपच्या गाड्या पाच ते सात. सगळी झोंबाझोंबी त्या दोन तासांत. दिवाळीत तर विचारूच नका. सेलचा माल उपसतोय तोवर छठ येते आणि यूपी-बिहारची निम्मी मंडळी गाडीत बसलेली असतात. मशीनला गावी जायचं नसतं.

पडघा_गोदाम: ताई, त्या दोन तासांत अडतं ते पॅकिंग. टेबलावरून तासाला 300 पाकिटं उतरत असतील तर पुढचं मशीन 3000चं असून तासाला 300च करणार. त्या पैशात दोन टेबलं, दोन लेबल प्रिंटर वाढवा. सकाळची गाडी जास्तीची मागून बघा, फुकट मिळते कधीकधी.

सातारा_थ्रीपीएल: तुम्ही दोघं एका ब्रँडचं बोलताय. आमच्याकडे अनेक विक्रेत्यांचा माल आहे आणि कुरिअरशी बोली अशी की हबवार पिशव्या आम्हीच बांधून द्यायच्या. त्यात दर कमी मिळतो. तिथे पिनकोड पाहावाच लागतो. पहिले तीन आकडे सॉर्टिंग जिल्ह्याचे, पण तो म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. विटा सांगली जिल्ह्यात, पिन 415311. रत्नागिरी 415612. सांगली शहर मात्र 416. नवखा पोरगा पत्त्यावर ‘जि. सांगली’ वाचतो आणि विट्याचं पार्सल 416च्या पिशवीत टाकतो. भूगोल पक्का असलेलाच जास्त चुकतो! बारकोड वाचणारं मशीन इथे चुकत नाही.

पडघा_गोदाम: ही बाजू मान्य. पण हबवार पिशव्या बांधणारे छोटे विक्रेते किती? बाकीचे ऍग्रीगेटरच्या, म्हणजे अनेक कुरिअर एकाच ठिकाणी जोडून देणाऱ्या कंपनीच्या, भरवशावर.

पट्टा_मेस्त्री: मी कन्व्हेयरची दुरुस्ती करतो, दोन्ही बाजूंना थोडं थंड पाणी पाजतो. लेबल घडीवर चिकटवलं, बारकोडवर चकचकीत टेप मारली की स्कॅनर वाचत नाही. ते पार्सल रिजेक्टच्या घसरगुंडीत जातं आणि तिथे माणूस उभा करावाच लागतो. कपड्यांची प्लास्टिकची पाकिटं हलकी आणि लिबलिबीत, वळवणाऱ्या चाकांवरून सरळ जात नाहीत, कोपरा अडकतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांना ते बरं. पाकिटंच असतील तर ट्रे उलटणारं किंवा क्रॉसबेल्ट (छोट्या आडव्या पट्ट्यांवरून पाकीट बाजूला सोडणारं) बघा. मग किंमत ऐकून खाली बसा.

कुर्ती_नाशिक: माझी सगळी पाकिटंच आहेत. म्हणजे मला नकोच म्हणता?

पट्टा_मेस्त्री: आधी वजन-मापाचं मशीन घ्या. पार्सल ठेवलं की वजन, लांबी-रुंदी-उंची आणि फोटो एकदम. सॉर्टिंगचा पट्टा नंतर कधीही जोडता येतो.

सातारा_थ्रीपीएल: शंभर टक्के. बरेच कुरिअर घनसेंटिमीटरला 5000ने भागून वजन धरतात. 30 × 20 × 15चं खोकं म्हणजे 9000, म्हणजे 1.8 किलो. आत 600 ग्रॅमची कुर्ती असली तरी बिल 1.8चं, स्लॅब अर्ध्या किलोचा असेल तर 2चं. खोकं वाटेत फुगलं की माप आणखी वाढतं. आपल्याकडे निघतानाचा फोटो आणि माप नसेल तर वाद हरलात. हे पैसे दर महिन्याला जातात, चुकलेल्या ढिगाचे नाहीत.

पडघा_गोदाम: मापाच्या मशीनला माझा विरोध नाही. ते सॉर्टर म्हणून गळ्यात मारतात, विरोध त्याला आहे.

रात्रपाळी_भिवंडी: मी पार्सलं भरायच्या जाळीच्या पिंजऱ्यापाशी उभा राहतो. दिव्याचा रॅक लावलाय आमच्याकडे: स्कॅन केलं की ज्या खणात टाकायचं तिथला दिवा लागतो. नवीन माणूस पहिल्याच पाळीत कामाला लागतो, पत्ता वाचता नाही आला तरी. शेठना स्वस्त पडलं. आमचा त्रास वेगळा आहे. चुका कमी झाल्यावर तिघांचं काम दोघांवर आलं, पगार तोच.

कुर्ती_नाशिक: दिव्याचा रॅक किती खणांचा आहे दादा? मला आठ कुरिअर आणि एक खण रिटर्नचा लागेल. परत आलेला माल कोणी धरतच नाही या हिशेबात, कॅश ऑन डिलिव्हरीत तो काही थोडा नसतो.

रात्रपाळी_भिवंडी: बारा. रिटर्नला दोन ठेवा, फाटकं वेगळं आणि परत विकण्याजोगं वेगळं.