एका स्वल्पविरामापायी बुकिंग गेलं! गावात इंग्रजी व्याकरणाचा वर्ग घ्यावा का?

खाडीकाठचा (तारकर्ली)

मे महिन्यातली गोष्ट. पुण्याच्या एका पाहुण्याने मोबाइलवर विचारलं, "एनी प्रॉब्लेम विथ पार्किंग?" माझी स्वयंपाकघर ते गेट अशी धावपळ चाललेली. अंगठ्यानेच टाइप केलं, "नो पार्किंग अव्हेलेबल". 'नो'पुढचा स्वल्पविराम राहून गेला. माझ्या मनात होतं, नाही, पार्किंग आहे. त्यांनी वाचलं, पार्किंग नाही. दोन खोल्या, तीन रात्री, सगळं रद्द. कारण दोन दिवसांनी कळलं, तोवर त्यांनी दुसरीकडे ॲडव्हान्स भरला होता. आणि आमच्या अंगणात चार गाड्या सहज मावतात!

मग स्वतःच्याच पाटीकडे नीट बघितलं. 'रूम्स'मधल्या एसच्या आधी, वरच्या बाजूला एक शेपटीवाला टिंब. 'थाळीज'मध्येही तसाच. पेंटरला विचारलं तर म्हणाला, "सगळेच काढतात, बरं दिसतं."

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, पाहुणे नाहीत. तेव्हा वाचनालयात बारा संध्याकाळी बसून उजळणी करावी असं डोक्यात आहे. कॅपिटल कुठे, फुलस्टॉप कुठे, स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी म्हणजे ती वरची शेपटी, ए-ॲन-द, डू-डज-डिड. बस्स. काय वाटतं?

सुकाणू (मालवण)

माका काय ता पटाक नाय. आमच्याकडे रशियन येतत, फ्रेंच येतत, तेंचा इंग्लिश माझ्यापेक्षा वायट. तरी सुरमयचो भाव तेंका समाजता आणि माका तेंचो नकार समाजता. स्पेलिंग फोन सुधारता. बारा सांजा कित्याक घालवच्यो? त्यापरीस जाळी विणलेली बरी.

आणि तुझा बुकिंग स्वल्पविरामान नाय गेला. घाईन गेला. 'येस, पार्किंग आसा' असा लिवला असतास तर?

निवृत्त बाई (रत्नागिरी)

सुकाणू, शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर. पण घाईत हात वळणावर जातो, आणि ते वळण मराठीचं असतं. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांच्या चुका आळसाच्या कमी आणि मायबोलीच्या जास्त.

देवनागरीत मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही. आमच्या पिढीने इंग्रजी अक्षरांच्या चार लिप्या गिरवल्या, मोठी-लहान छापील आणि मोठी-लहान वळणदार, पण कुठली कधी वापरायची ते कोणी सांगितलं नाही. म्हणून पोरं वाक्याच्या मध्येच 'फिश' मोठ्या एफने लिहितात आणि 'मी' या अर्थाचा आय मात्र लहान. तो आय वाक्यात कुठेही येवो, मोठाच. वार आणि महिने मोठ्या अक्षराने, पण समर-विंटर लहानच, कारण ऋतू इंग्रजीत विशेषनाम धरत नाहीत.

मराठीत 'द' नाही, म्हणून आपण तो गाळतो, किंवा भीतीपोटी सगळीकडे पेरतो. ए की ॲन, हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. अवर या शब्दात एच लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटी यूने सुरू होते पण उच्चार 'य'चा, म्हणून ए युनिव्हर्सिटी. आपल्या आमदाराला 'ॲन एमएलए' म्हणायचं, कारण एमचा उच्चार 'ए'ने सुरू होतो. हे एकदा ऐकलं की विसरत नाही. मात्र मराठीशी ताडून सांगावं लागतं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी 'आय डिड नॉट वेंट' अजून माझ्या नातवाच्या वहीत सापडतं. डिडमध्ये भूतकाळ आला, पुढचं क्रियापद पुन्हा कशाला भूतकाळात न्यायचं? एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नाही.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ देवरुख)

बाई, आदर ठेवून विरोध करतो. गावाकडे आलो की मराठी पाट्या वाचतो आणि अंगावर काटा येतो. 'येथे घरघुती जेवन मिळेल'. यासाठी वर्ग कोणी घेत नाही. र्‍हस्व-दीर्घाला तर आपण केव्हाच समुद्रात सोडलंय. साहेबाच्या एका शेपटीसाठी मात्र बारा संध्याकाळी! मोठमोठ्या कंपन्या स्वतःची नावं मुद्दाम लहान अक्षरांत लिहितात, तिथे ती स्टाइल. आमच्या खानावळवाल्याने लिहिलं की चूक. हा न्याय मला पटत नाही.

पोंभुर्ल्याच्या वाटेवर

साहेबाच्या शेपटीवर राग असेल तर वरचा प्रतिसाद स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हाशिवाय परत लिहा. जुन्या पोथ्यांत दंड होता, बाकी काही नाही. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. आणि आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, ते एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असं. त्यांना काही दोन भाषांत भांडण दिसलं नव्हतं. वर्ग घ्याच, आणि त्यातल्या दोन संध्याकाळी मराठी शुद्धलेखनाला द्या.

चाकरमानी

उद्गारचिन्हाचा टोला बसला. दोन संध्याकाळी मराठीला असतील तर माझा विरोध निम्मा मागे.

कलमवाली वहिनी (देवगड)

मला रोजच्या कामाचं सांगते. आंब्याच्या पेटीवरचं सगळं मोठ्या अक्षरांत छापतो, तिथे चूक दिसतच नाही. पण गिर्‍हाइकाला मेसेज करताना पंचाईत. हापूस म्हणजे अल्फान्सो मोठ्या ए ने, हे नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात. देवगड मोठ्या डी ने. मँगो मात्र लहान एम ने, तो साधा आंबा. हे मला मुलीने सांगितलं तेव्हा मी हसले, म्हटलं, आंब्याला कधीपासून साधा म्हणायला लागलात?

पण इट्स या शब्दाचं मला कधीच जमलं नाही. शेपटी द्यायची की नाही?

निवृत्त बाई

वहिनी, त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाचा. अर्थ लागला तर शेपटी द्या, ती गाळलेल्या अक्षराची जागा दाखवते. 'आंब्याला त्याचा वास असतो' असं म्हणायचं असेल तर शेपटी नाही. हिज आणि हर्सला तरी कुठे असते? आणि खाडीकाठकर, अनेकवचनाला शेपटी कधीच नाही. पेंटरला माझं नाव सांगा.

काळा कोट (चिपळूण)

स्वल्पविरामाची किंमत विचारताय म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाची दूध कंपनी आहे. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम कुठल्या कामांना द्यायचा नाही त्याची यादी होती. नासणारा माल डबाबंद करणं, सुकवणं, साठवणं आणि शेवटी 'पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅक करणं'. की 'पाठवण्यासाठी पॅक करणं, किंवा वितरण'? इंग्रजीत 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल वाटतो, पॅक करत नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने कायद्याची भाषा संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. त्या यादीत मासळीचंही नाव होतं, सुकाणू.

सुकाणू

अमेरिकेतल्या कोर्टात आमचो काय संबंध? आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे माझो मेवणो. तेका ओव्हरटाइमबद्दल चाय देतंय.

खाडीकाठचा

सुकाणू आणि चाकरमानी, तुमचं एक मान्य. बारा संध्याकाळी जास्त होतात. आठ करू, त्यातल्या दोन मराठीच्या. ए-ॲन-द ला एकच, ते पूर्ण कोणाला येतं? डू-डिड ठेवतो, कारण पाहुण्यांना उत्तर देताना तिथेच जीभ अडखळते. पण स्वल्पविराम आणि अपॉस्ट्रॉफी सोडणार नाही, माझं नुकसान झालंय.

पाटीचं मात्र अडलंय. पेंटर शेपटी पुसायचे वेगळे पैसे मागतोय. त्याचं म्हणणं, काढायला लागले तेवढेच पुसायला लागतात.

निवृत्त बाई

मला रत्नागिरीहून रोज येणं झेपणार नाही. पहिल्या दोन दिवसांना येते, पुढचं तिथल्या एखाद्या शिक्षकाने घ्यावं. वर्ग पाचला ठेवा, काळोख पडायच्या आत बायकांना घरी जाता येईल.

सुकाणू

परीक्षा घेणार नसशात तर मी पयल्या दिवसाक येतंय. फक्त एक सांगा. बंदरार बोर्ड लावलंय, 'नो फिश टुडे'. तेच्यात 'नो'च्या फुडे स्वल्पविराम घातलंय तर गिर्‍हाइक येतला?