भूपेन खख्खर चित्रकला शिकले तरी कुठे?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. वडोदऱ्यातील आमच्या मराठी वाचनालयाच्या मासिक कार्यक्रमात भूपेन खख्खर यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. श्रोते बहुतेक सेवानिवृत्त आहेत. लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्मा यांची चित्रे आणि कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे त्यांच्या पाहण्यातली आहेत. मात्र 1962 पासून 2003 मध्ये निधन होईपर्यंत जो माणूस याच शहरात राहून चित्रे काढत होता, त्याचे नाव त्यांतल्या अनेकांनी केवळ वर्तमानपत्रात वाचले आहे. माझी अडचण अशी आहे की, खख्खर यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले नव्हते असे सगळीकडे लिहिलेले आढळते आणि त्याच वेळी ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत होते, असेही वाचायला मिळते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? शिवाय त्यांच्या चित्रांतील माणसे ताठर वाटतात, हातापायांची प्रमाणे चुकल्यासारखी दिसतात. 'हे तर आमचा नातूही काढील' असे कोणी म्हणाले, तर काय उत्तर द्यावे? आणि पुरुषांमधील प्रेमाची त्यांची चित्रे ज्येष्ठ मंडळींसमोर दाखवावीत की नाहीत, हाही प्रश्न मनात आहे.

फतेगंजकर:
मेळ घालणे अवघड नाही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खख्खर यांचा जन्म 1934 मध्ये मुंबईत झाला. वडील लहानपणीच वारले आणि खेतवाडीतील मध्यमवर्गीय गुजराती घरात आईने त्यांना वाढवले. घरच्यांची अपेक्षा होती त्याप्रमाणे ते अर्थशास्त्र आणि वाणिज्य शिकून चार्टर्ड अकाउंटंट झाले. चित्रकलेची ओढ होतीच, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या संध्याकाळच्या वर्गांना ते काही काळ जात असत. 1958 च्या सुमारास त्यांची चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्याशी ओळख झाली आणि शेख यांच्या आग्रहावरून 1962 मध्ये ते वडोदऱ्याला आले. येथे त्यांनी प्रवेश घेतला तो चित्रकलेच्या वर्गात नव्हे, तर कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात. म्हणजे समोर मॉडेल बसवून वर्षानुवर्षे रेखाटन करणे, शरीरशास्त्राचा अभ्यास करणे, तैलरंगाचे थर कसे द्यायचे ते शिक्षकांच्या देखरेखीखाली गिरवणे, ही जी तालीम ललितकलेच्या विद्यार्थ्याला मिळते, ती त्यांना मिळाली नाही. परंतु 1950 मध्ये सुरू झालेल्या त्या विद्याशाखेतील वातावरण मात्र त्यांना भरभरून मिळाले. ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक त्या काळी तेथे होते, ग्रंथालय होते आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे मित्र होते.

माझ्या मते व्याख्यानात यावर फार वेळ खर्च करू नये. त्यांनी कोणाकडे पाहून शिकून घेतले, हे सांगणे अधिक मोलाचे ठरेल: बाजारातली देवादिकांची छापील चित्रे, नाथद्वाऱ्याच्या पिछवाया (श्रीनाथजींच्या मूर्तीमागे लावायचे रंगवलेले कापडी पडदे), कंपनी शैलीतील (ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी देशी चित्रकारांनी काढलेली) चित्रे, इटलीतील सिएना येथील जुने चित्रकार आणि दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या. 1965 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. त्या काळात ते देवांची छापील चित्रे कापून चिकटवत आणि भोवती भिंतीवर गिरगटल्यासारखे रंग देत. ज्या रविवर्म्यांची मूळ चित्रे वडोदऱ्याच्या राजघराण्याने करून घेतली, त्यांनीच पुढे 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढून देवदेवतांच्या रंगीत प्रती घरोघरी पोहोचवल्या. त्या प्रवाहातून आलेली स्वस्त चित्रे सत्तर वर्षांनी वडोदऱ्यातच एका नव्या चित्रकाराच्या कात्रीखाली आली. तुमच्या श्रोत्यांना राजवाड्यातून खख्खर यांच्यापर्यंत आणण्यासाठी हाच रस्ता सोयीचा आहे.

रंगपेटी:
'आमचा नातूही काढील' हा आक्षेप नवा नाही आणि केवळ आपल्याकडचाही नाही. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात खख्खर यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तेथील एका समीक्षकाने अत्यंत कठोर शब्दांत टीका केली होती आणि तिच्यावर बराच वादही झाला. माझे प्रामाणिक मत असे की, रेखाटनातील अडखळलेपणा नाकारण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या चित्रांत तो स्पष्ट दिसतो. मात्र त्या अडखळलेपणातून त्यांनी काय साधले, ते पाहायला हवे.

1972 च्या सुमाराची चित्रे घ्या: 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डी लक्स टेलर्स', 'बार्बर्स शॉप'. घड्याळजी, शिंपी, न्हावी ही माणसे त्यापूर्वी आधुनिक भारतीय चित्रकलेत आलीच असतील, तर कष्टकऱ्यांचे प्रतीक म्हणून किंवा आकारांच्या मांडणीसाठी आली. खख्खर यांनी त्यांना दुकानदार म्हणूनच बसवले. घड्याळांच्या दुकानात माणूस कामाला बसला आहे, भोवती घड्याळे आहेत, वर नावाची पाटी आहे आणि चित्रातली प्रत्येक वस्तू सारख्याच निगुतीने, कडा न पुसता रंगवलेली आहे. छाया-प्रकाशाचे नाट्य नाही. फोटो काढून घेण्यासाठी स्टुडिओत गेलेला माणूस जसा श्वास रोखून सरळ बसतो, तसा तो घड्याळजी बसलेला आहे. अंगात सफाई मुरलेल्या चित्रकाराने कदाचित त्याला सहज, डौलदार केले असते आणि त्याचे अवघडलेपण हरवून बसला असता. ज्या वर्गातील माणसांना कोणी पाहत नाही, त्यांना पाहिले जाताना वाटणारा संकोच या चित्रांत उतरला आहे.

'मॅन विथ अ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स' हे सत्तरच्या दशकातले चित्र अवश्य दाखवा. मध्यभागी प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ हातात धरलेला एक मध्यमवयीन माणूस आणि त्याच्या भोवती लहान लहान प्रसंग. मांडणी देवाच्या पटासारखी आहे. मध्ये देव असतो त्या जागी हा साधा इसम उभा आहे. वैष्णव हवेल्यांच्या, म्हणजे कृष्णमंदिरांच्या, या शहरात ती मांडणी समजावून सांगावी लागणार नाही.

निवृत्त_हिशेबनीस:
मी आयुष्यभर हिशेबाचेच काम केले, म्हणून एक मुद्दा जोडतो. खख्खर यांनी चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही येथील एका अभियांत्रिकी कंपनीत अर्धवेळ हिशेबाची नोकरी बरीच वर्षे सांभाळली. चरित्रात्मक लेखांमध्ये ही गोष्ट गमतीचा तपशील म्हणून येते. मला ती फार महत्त्वाची वाटते. दर महिन्याचा पगार ठरलेला असल्यामुळे विकत घेणाऱ्याच्या आवडीप्रमाणे चित्र काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही आणि कारकून, दुकानदार, छोटे कारखानदार यांच्यात रोजचे उठणे-बसणे राहिले. ते गुजरातीत कथा आणि नाटकेही लिहीत, आणि त्यांतही हाच मध्यमवर्ग आहे. 1984 मध्ये पद्मश्री मिळालेला हा माणूस आपल्या शहराच्या बाजारपेठेत कोणालाही परका वाटत नसे, याचे कारण मला या नोकरीत दिसते.

मंजलपूरची_ताई:
दांडियाबाजारकर दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून मी लिहिते. ती चित्रे वगळू नका. ती वगळली, तर खख्खर यांचे अर्धे आयुष्य आणि त्यांचे सर्वांत धीट काम वगळल्यासारखे होईल.

1979 मध्ये ते इंग्लंडला गेले होते. तेथे समलिंगी माणसे उघडपणे जगताना त्यांनी पाहिली. 1980 मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर 1981 मध्ये त्यांनी 'यू कान्ट प्लीज ऑल' हे चित्र काढले, जे आज टेटच्या संग्रहात आहे. सज्जात एक विवस्त्र पुरुष आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि तो खालच्या वस्तीकडे पाहतो आहे. त्या वस्तीत बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट घडते आहे. कोणीही काहीही केले तरी लोक नावे ठेवतातच, हे सांगणारी ती गोष्ट तुमच्या प्रत्येक श्रोत्याने लहानपणी ऐकलेली असेल. चित्रकार काय कबूल करतो आहे, हे त्या गोष्टीच्या आधाराने कोणालाही कळेल आणि कोणाला संकोचही वाटणार नाही. तो सज्जा दाखवताना घाई मात्र करू नका. त्या पुरुषाचा चेहरा आपल्याला पुरता दिसत नाही. त्याला गाव दिसते, गावाला तो दिसत नाही. भारतात त्या वेळी असे संबंध कायद्याने गुन्हा होते आणि तो कलंक सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पुसला, म्हणजे खख्खर यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

पुढच्याच वर्षी त्यांनी 'टू मेन इन बनारस' रंगवले. निळ्या रात्री दोन पुरुष एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि बाजूला तीर्थक्षेत्रातील नित्याचे व्यवहार चालू आहेत. 2019 मध्ये लंडनच्या लिलावात या चित्राला सुमारे 25 लाख पौंड मिळाले. पण ती रक्कम सांगून चित्राचे मोठेपण पटवू नये, अशी माझी विनंती आहे. त्यापेक्षा 1987 च्या 'ययाति'विषयी बोला. वार्धक्याने तारुण्य मागून घेण्याची ती महाभारतातील कथा मराठी वाचकाला परकी नाही आणि म्हाताऱ्या देहाला प्रेमाचा अधिकार आहे की नाही, हा खख्खर यांचा प्रश्न तुमच्या सभागृहातील मंडळींना कोणत्याही तरुणापेक्षा अधिक जवळचा वाटेल.

दांडियाबाजारकर:
ताई, आपले म्हणणे पटले. बाप-मुलगा-गाढवाची गोष्ट आधी सांगून मगच चित्र पडद्यावर आणीन. एक विचारायचे राहिले: त्यांच्यामागे काय उरले, याबद्दल नेमके काय सांगता येईल?

रंगपेटी:
ठोस उदाहरण द्या. 1981 मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झाले. त्यात खख्खर, शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन हे सहा चित्रकार होते. अमूर्त चित्रांचा मोठा दबदबा असताना माणसे, गल्ल्या आणि गोष्टी पुन्हा चित्रात आणण्याचा आग्रह त्यामागे होता. त्यांपैकी पटवर्धन पुण्यात वैद्यकशास्त्र शिकले आणि ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत करत चित्रकार झाले. त्यांनीही चित्रकलेची पदवी घेतलेली नाही. एक हिशेबनीस आणि एक डॉक्टर कलाशाळेत घडलेल्या चित्रकारांच्या बरोबरीने एका भिंतीवर लागले, एवढे सांगितले तरी श्रोत्यांना पुरेसे कळेल.

शेवटच्या वर्षांतली चित्रे मात्र विसरू नका. 1998 नंतर कर्करोगाशी झगडताना त्यांनी स्वतःच्या दुखऱ्या देहाची चित्रे काढली; 'बुलेट शॉट इन द स्टमक' हे 2001 चे आहे. तिथे रेषा अडखळत नाही. सोबत 1972 चा शिंपी ठेवलात, तर तीस वर्षांत हा माणूस स्वतःच्या बळावर किती शिकला, ते निराळे सांगावे लागणार नाही. प्रोजेक्टरवर रंग आधी तपासून घ्या, त्यांचे निळे आणि हिरवे रंग फिके पडले, तर चित्रातला निम्मा जीव जातो.