शब्दचर्चा : ‘गॅम्बिट’ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर :
गल्लीतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवतो, त्यांच्यासाठी मराठीत टिपणं काढतोय. शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी, घरात मराठी, म्हणून शब्द बोलण्यातले हवेत. शह, मात, जोर, प्यादं यांची अडचण नाही. अडलंय ‘गॅम्बिट’पाशी, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच फायद्यासाठी मुद्दाम प्यादं सोडतात त्यापाशी. कुणी ‘बळी’ सुचवतं, कुणी ‘प्यादेदान’. त्यातून पोरांना आवडतात ते एंग्लंड, लॅटव्हियन, हॅलोवीन असले कच्चे प्रकार. समोरच्याला उत्तर ठाऊक असलं की खेळ खलास, नसलं की धमाल. त्यांना वेगळा शब्द आहे का?

निपाणीकर :
दान नको हो. दिलेलं दान कुणी परत मागतं का? वजिराच्या गॅम्बिटमध्ये (डी४ डी५ सी४; ही पटावरच्या घरांची नावं, एक चाल पांढऱ्याची, एक काळ्याची) काळ्यानं प्यादं मारलं तरी पांढरा ते बहुतेक वेळा वसूल करतोच. उसनं म्हणा फार तर. ‘बळी’ही नको. तो डावात कधीही जातो, घोड्याचा, हत्तीचा, वेळ आली तर वजिराचासुद्धा. गॅम्बिट सुरुवातीलाच असतो आणि बहुधा प्याद्याचाच.

शहापूरकर :
मूळ शब्द इटालियन, ‘गाम्बेत्तो’. गांबा म्हणजे पाय, पाय घालून पाडणं हा अर्थ. बुद्धिबळात तो आणला रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूनं, १५६१च्या आपल्या पुस्तकात. मग आपल्या आखाड्यातली ‘टांग’ काय वाईट? सोडायचं ते प्यादंही फारसीतून आलेलं, पायी चालणारा. कन्नडातला कालाळूही तोच, काल म्हणजे पाय. बेळगावच्या पोराला टांग समजावून सांगावी लागत नाही.

खानापूरकर :
शहापूरकर, टांग चांगल्या गॅम्बिटला शोभेल. कच्च्याला आपल्याकडे तयार शब्द आहे : हूल. कबड्डीत देतात तीच. समोरचा भुलला तर गडी मिळतो, नाही भुलला तर आपणच पकडीत.

एंग्लंडच घ्या. पांढरा डी४, काळा ई५. कट्ट्यावर बघत बसलेला लगेच म्हणणार, “फुकट का सोडूलास प्यादं?” पांढरा ते मारतो. काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३, काळा वजीर ई७. आता ई५चं प्यादं राखायला पांढरा उंट एफ४ला आणतो आणि वजीर बी४वरून शह देतो. उंट डी२ला मागे येतो, वजीर बी२चं प्यादं खाऊन हत्तीच्या अंगावर. इथे पांढऱ्याला वाटतं, उंट सी३ला टाकला की वजीर पळतोय. हूल लागली! काळा उंट बी४. पांढरा वजीर डी२, काळा उंट सी३वर मारतो, पांढरा वजीर तो उंट परत मारतो आणि काळा वजीर सी१वर मात. आठच चाली.

पण सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३ आणला, की कोपऱ्यातल्या हत्तीला वजिराचा जोर मिळतो, पांढऱ्याची मोहरी भराभर बाहेर पडतात आणि काळ्याचा वजीर एकटाच परमुलखात भटकत राहतो. एवढं एक उत्तर पाठ असलेल्या पोरापुढे एंग्लंड लावू नये. एक मिनिटाच्या डावात मात्र खुशाल लावावा, मी लावतो.

टिळकवाडीकर :
हूल पटली. राजाचा गॅम्बिट (ई४ ई५ एफ४) कुठे बसवू?

निपाणीकर :
त्याला हूल म्हणू नका. जर्मन खेळाडू अँडरसननं १८५१ साली लंडनला किसेरित्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तो डाव राजाच्या गॅम्बिटचाच. अमेरिकेच्या बॉबी फिशरनं १९६१ साली लेख लिहून हा गॅम्बिट मोडीत काढल्याचं सांगितलं आणि पुढे अमेरिकेच्या अजिंक्यपद स्पर्धेत इव्हान्सविरुद्ध स्वतःच लावून जिंकला. धोक्याचा आहे, पोकळ नाही. ‘धाडसी’ लिहा.

टिळकवाडीकर :
मग टिपणात असं लिहितो : ‘गॅम्बिट’ तसाच ठेवायचा, कंसात टांग. कच्चा असेल तर ‘हुलीचा डाव’. समोरच्यानं प्यादं मारलं तर ‘घेतला’, नाही मारलं तर ‘नाकारला’. चालेल?

खानापूरकर :
चालेल. फक्त हॅलोवीन हुलीत घालू नका. तिथे चौथ्याच चालीला पांढरा घोडा ई५चं एक प्यादं मारून मरतो. अख्खा घोडा हो! त्याला निपाणीकरांनी नाकारलेला ‘बळी’च लावा.