पेशीविभाजनाचा क्रम कोण सांभाळतं? अकरावीच्या वर्गासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी तासगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं मराठी माध्यमातून आलेली, पुस्तक इंग्रजी, त्यामुळे निम्मा तास शब्द सोडवण्यातच जातो. गेल्या आठवड्यात कांद्याच्या मुळाचं प्रात्यक्षिक घेतलं. मुळांची टोकं ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवून स्लाइडवर दाबली, तरी विभागणाऱ्या पेशी सापडायला बराच वेळ लागला. एक मुलगी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच म्हणाली, "मॅडम, बाकीच्या सगळ्या नुसत्याच बसल्यात की."

मी सांगितलं की त्यांची तयारी चाललीय. माणसाच्या पेशीचं चक्र २४ तासांचं धरलं, तर प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो. बाकीच्या वेळात पेशी वाढते (जी वन), डीएनएची प्रत काढते (एस), पुन्हा थोडी वाढते (जी टू). त्यावर ती म्हणाली, "प्रत पूर्ण झाली हे तिला कळतं कसं? आणि एकदा काढलेली प्रत ती परत का काढत नाही?"

मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. हार्टवेल यांनी यीस्टमध्ये चक्र अडवणारी जनुकं शोधली. पॉल नर्स यांनी त्यातलं मुख्य जनुक ओळखलं आणि तेच माणसातही असल्याचं १९८७ साली दाखवलं. हंट यांना १९८२ साली समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या) अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसं व्हायचं. तेच सायक्लिन. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. सायक्लिन जोडीला आलं की नर्स यांच्या जनुकापासून बनणारं सीडीके हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पुढचं काम सुरू होतं.

मी अडकले ती इथं. प्रत काढायलाही सीडीके लागतं आणि विभाजनालाही सीडीकेच. मग दोन्ही कामं एकदम का सुरू होत नाहीत? पुस्तकात चाकाची आकृती आहे, तिच्यात बाण एका दिशेनं जातात. ते उलटे का जात नाहीत, हे कुठंच लिहिलेलं नाही.

तिचा दुसरा प्रश्न घरच्या द्राक्षबागेतला आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना (जिथून अंकुर फुटतो त्या कळ्यांना) पेस्ट लावतात आणि डोळे एकसारखे फुटतात. "त्या डोळ्यातल्या पेशी इतके दिवस कशासाठी थांबल्या होत्या?" या पोरीला अर्धवट उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलंय. कृपया मदत करा.

प्रतिसाद

ताई, तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलेलंच राव आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी १९७० साली प्रयोगानं तपासलं होतं. त्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळून एकजीव केल्या. प्रत काढणारी पेशी जी वनमधल्या पेशीत मिसळली, तर जी वनचं केंद्रकही वेळेआधीच प्रत काढू लागलं. पण जी टूमधल्या पेशीत मिसळली, तर त्या केंद्रकानं प्रत काढलीच नाही. उलट सोबत्याची प्रत पूर्ण होईपर्यंत ते विभाजनासाठी थांबून राहिलं. म्हणजे हुकूम दोघांना एकच मिळाला, पण एकदा प्रत काढलेलं केंद्रक तो मानत नाही.

कारण असं. डीएनएवर जिथून प्रत सुरू होते, त्या जागांवर काही प्रथिनं आधी बसवावी लागतात. ती फक्त सीडीके मंद असताना, म्हणजे विभाजनाच्या शेवटापासून जी वनपर्यंतच बसतात. सीडीके वाढलं की बसलेली प्रथिनं कामाला लागतात आणि नवी बसवणं त्याच सीडीकेमुळे बंद होतं. तुम्ही नाट्यपंढरी सांगलीच्या जिल्ह्यातल्या, मुलांना असं सांगा: तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो आणि त्याच घंटेला तिकीटखिडकी बंद होते. खिडकी पुन्हा उघडायची तर खेळ संपला पाहिजे, म्हणजे विभाजन होऊन सायक्लिन नष्ट झालं पाहिजे. बाण उलटे जात नाहीत ते यामुळे.

दोन्ही कामं एकदम का होत नाहीत? प्रतीला थोडं सीडीके पुरतं, विभाजनाला बरंच जास्त लागतं. नर्स यांच्याच प्रयोगशाळेनं २०१० साली यीस्टमध्ये सायक्लिन आणि सीडीके जोडून एकच प्रथिन केलं. तेवढ्या एकावरही सगळं चक्र क्रमानं चाललं. शिवाय प्रत अपुरी असेल तर पेशी विभाजनाच्या सीडीकेवर फॉस्फेट चढवून त्याला अडवून धरते. पुढं गुणसूत्रं ओढली जाण्याआधी आणखी एक तपासणी असते: एक जरी गुणसूत्र तर्कुतंतूंना (गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांना) नीट जोडलेलं नसेल, तरी सगळी थांबतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिनक्रिस्टीन हे औषध तर्कुतंतूच बनू देत नाही. कर्करोगाच्या पेशी त्या तपासणीवर अडकून पडतात.

प्रतिसाद

मॅडम, मी मिरजेचा, शेतीची पदवी घेतलेला. डोळ्याबद्दल थोडं सांगतो. सुप्त डोळ्यातल्या बहुतेक पेशी जी वनमध्येच थांबलेल्या असतात. पुढं जायचं की नाही हे तिथं बाहेरच्या संदेशांवर ठरतं. ते दार ओलांडलं की पेशी सहसा मागं फिरत नाही. सायटोकायनिन हे वनस्पतीतलं संप्रेरक वाढलं की डी गटातलं सायक्लिन वाढतं आणि ते दार उघडतं. हे अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर १९९९ साली दाखवलंय. शेंडा मारला की खालचे डोळे का फुटतात, त्यालाही हाच धागा: शेंड्यातून येणारं ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक थांबतं आणि सायटोकायनिनला वाव मिळतो.

पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड विभाजनाचं बटण थेट दाबत नाही. ते डोळ्यातलं कॅटालेज हे विकर मंदावतं, पेशींवर ताण येतो आणि त्या ताणानं सुप्तावस्था मोडते. थंड प्रदेशात हे काम हिवाळा करतो. आपल्याकडं तेवढी थंडी नाही म्हणून पेस्ट.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या घंटेचं वाचलं आणि वही काढून सोमवारचा तास पुन्हा लिहायला बसले. राव-जॉन्सन यांचा प्रयोग फळ्यावर काढून, उत्तर न सांगता आधी मुलांनाच विचारणार आहे: जी टूचं केंद्रक काय करेल?

अजून एक. छाटणीनंतर पेस्ट लावलेली आणि न लावलेली, अशा दोन काड्या आणायचं तिनं कबूल केलंय. डोळ्याचा काप मुळाच्या टोकासारखा मऊ नसतो. तो ॲसिटोकार्मिननं रंगवण्याआधी आम्लात किती वेळ ठेवायचा, हे कुणी करून पाहिलं असेल तर जरूर लिहा.